जरा उजेडात दाखवा

आईने आजवर जितक्या साड्या घेतल्या, त्या प्रत्येक वेळी दुकानातल्या गादीवर बसून तिने एक वाक्य म्हटलेलं आहे: "जरा उजेडात दाखवा." मग दुकानातला माणूस घडी मोडलेली साडी खांद्यावर टाकून दारापर्यंत येतो, पदर उन्हात धरतो, आणि आतल्या दिव्याखाली आमसुली वाटलेली साडी पायरीवर येऊन अंजिरी होते. मोरपंखी म्हणून काढलेली कधी साधी हिरवीच निघते. आई मान हलवते, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि आम्ही परत आत जाऊन बसतो.

लहानपणी मला याचा भारी कंटाळा यायचा. आता वाटतं, तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न आई दर दिवाळीला त्या पायरीवर उभी राहून सोडवत होती. साडी एकच, दिवा बदलला की रंग बदलतो. मग तिचा खरा रंग कोणता? उन्हातला, असं आपण धरून चालतो. पण साडी नेसली जाणार रात्रीच्या रिसेप्शनला, हॉलमधल्या दिव्यांखाली. उन्हालाच एवढा मान कशासाठी? आणि एकाच उन्हात, एकच साडी, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांना दोन रंगांची दिसली तर?

हे आमच्या घरात खरोखर घडलं आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याने आंब्याचं झाड काढलं. रंग रेषेबाहेर कुठे गेला नव्हता, पण खोड हिरवं होतं आणि पानं तपकिरी. शाळेतून वही आली तेव्हा त्यावर लाल शाईने शेरा होता, 'लक्ष देऊन रंगवणे'. मीही त्याला बोलले. ते बोलणं मला अजून लागून राहिलं आहे. दिवाळीत मामा आला, त्याने वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि आईला म्हणाला, "ताई, हा माझ्यावर गेलाय."

मामाला मिरचीच्या तोडणीला कधी कोणी घ्यायचं नाही. झाडावर कोणती मिरची पिकून लाल झाली आणि कोणती अजून हिरवी आहे, हे त्याला लांबून ओळखू यायचं नाही. जवळ जाऊन, हाताने चाचपून मग सांगायचा. घरात सगळे म्हणायचे, त्याचं लक्ष नसतं. म्हणजे दोघांनाही एकच शेरा मिळाला होता, पन्नास वर्षांच्या अंतराने.

तेव्हापासून 'वास्तव सगळ्यांसाठी एकच असतं की ज्याचं त्याचं वेगळं' हा प्रश्न माझ्यासाठी गप्पांचा राहिला नाही. तो जमेल तितका सोपा करून इथे मांडते आहे, आणि त्यासाठी रंगाचंच बोट धरते. रंग रोजच्या ओळखीचा आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर किती बाजूंनी खेचलं जातं ते रंगात स्पष्ट दिसतं.

तीन साक्षीदार

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. प्रकाश लहरींच्या रूपात येतो. त्यातल्या साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) लांबीच्या लहरी आपल्या डोळ्यांना दिसतात. पिकलेली मिरची लांब लहरी परत फेकते, बाकीच्या बऱ्याचशा शोषून घेते. एवढं मिरचीचं काम. यात 'लाल' कुठेच नाही, नुसत्या लहरी आहेत.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर शंकूच्या आकाराच्या पेशी असतात, बहुतेक माणसांत तीन प्रकारच्या. एक प्रकार आखूड लहरींनी जास्त चाळवतो, दुसरा मधल्या, तिसरा लांब. गंमत अशी की यातल्या एकाही पेशीला एकटीला रंग कळत नाही. ती फक्त 'मी इतकी चाळवले' एवढंच कळवते, मंद प्रकाशाने की भलत्या लहरीने, ते तिला सांगता येत नाही. तिन्ही पेशींचे जबाब शेजारी शेजारी ठेवून, त्यांतला फरक पाहून मेंदू निकाल देतो, आणि त्या निकालाला आपण रंग म्हणतो.

मामाच्या आणि माझ्या मुलाच्या डोळ्यांत यातला एक साक्षीदार तरी गैरहजर आहे किंवा शेजाऱ्यासारखाच जबाब देतो आहे. त्यामुळे निळा आणि पिवळा त्यांना व्यवस्थित दिसतात, लाल-हिरवा-तपकिरी या गल्लीत मात्र घोटाळा होतो. मधल्या आणि लांब लहरींच्या साक्षीदारांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच, तो बिघडला की दुसरा मदतीला नाही. बाईकडे दोन, म्हणून तिला सहसा काही जाणवत नाही, पण ती तो वारसा पुढे देऊ शकते. आमच्याकडे तो आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून मुलाकडे आला, आणि मधल्या आम्हा तिघींना पत्ताही लागला नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण बारा पुरुषांमागे एकाला आणि दोनशे बायकांमागे एकीला हा लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा असतो. इतर वंशांत हे प्रमाण सहसा कमी आढळतं.

'रंगांधळा' हा शब्द मला पटत नाही. त्यात आंधळेपणा आहे, आणि मामा आंधळा नाही. शेतात पाचोळ्यात बसलेली घोणस सगळ्यांच्या आधी मामाला दिसायची. त्याचं कारण डोळ्यांतच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात असं दिसलं, की रंगांच्या ठिपक्यांमागे लपवलेली आकृती दोन साक्षीदारांवर भागवणाऱ्या लोकांना सापडली आणि तिन्ही साक्षीदार हजर असलेल्यांना सापडली नाही. रंगांनी आपलं लक्ष खाल्लं होतं, त्यांचं आकारावर होतं.

आणि तीन हा आकडा तरी कुठे अंतिम आहे? गाई-बैलांकडे असे दोनच प्रकार असतात. मधमाशीकडे तीन असतात, पण तिचे तिन्ही आपल्या मानाने आखूड लहरींकडे सरकलेले. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला करड्या रंगाच्या अनेक छटांच्या कागदांत एक निळा कागद ठेवून मधमाश्यांना साखरपाण्याची सवय लावली. त्या बरोबर निळ्यावर यायला शिकल्या, म्हणजे त्यांना रंग कळतो. लालाच्या बाबतीत मात्र त्या गडद करड्याशी घोळ करत. उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण त्यांना दिसतात, आणि कितीतरी फुलांच्या पाकळ्यांवर त्याच किरणांत दिसणाऱ्या खुणा असतात. आपल्याला सपाट पिवळं दिसणारं फूल मधमाशीला मध्यभागी गडद ठिपका असलेलं दिसू शकतं. फुलाचा 'खरा' रंग ठरवायला पंच म्हणून माणसाला बसवायचं की मधमाशीला? ते फूल उमललं आहे ते तिच्यासाठी.

डाल्टनचा डोळा

इथवर वाचून कुणालाही वाटेल, संपला की प्रश्न, ज्याचं जग त्याचं. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. मग मी जॉन डाल्टन यांच्याबद्दल वाचलं.

हे तेच डाल्टन, ज्यांचा अणुसिद्धांत आपण शाळेत शिकलो. १७६६ साली इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका खेड्यात विणकराच्या घरी जन्मले. विशीत असेपर्यंत आपल्या डोळ्यांत काही वेगळं आहे याची त्यांना कल्पना नव्हती. रंगांच्या नावांत लोक गोंधळ घालतात, इतकंच त्यांना वाटे. १७९२ साली त्यांनी जिरेनियमचं एक गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं आणि चमकले. दिवसा जे फूल त्यांना आकाशी दिसायचं ते आता लाल दिसत होतं. त्यांनी ओळखीच्या लोकांना विचारलं. कुणालाच एवढा फरक दिसत नव्हता. फक्त त्यांच्या सख्ख्या भावाला दिसत होता.

हे वाचताना मला आई आणि साडीच आठवली. दिवा बदलून पाहिलं म्हणून डाल्टनना कळलं.

१७९४ साली त्यांनी मँचेस्टरमधल्या विद्वानांच्या सभेत यावर निबंध वाचला. स्वतःच्या दृष्टीचं असं शास्त्रशुद्ध वर्णन तोपर्यंत फारसं कुणी केलं नव्हतं. रक्त आपल्याला बाटलीच्या हिरव्या काचेसारखं दिसतं, पत्रावर लावायची लाल लाख आणि झाडाचं पान जवळपास एकाच रंगाची दिसतात, असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. कारणही सुचवलं: आपल्या डोळ्यातलं पाणी निळसर असावं, ते लाल लहरी शोषत असावं. मेल्यावर डोळा उघडून बघा, म्हणून सांगूनही ठेवलं.

१८४४ साली ते गेले. त्यांच्या डॉक्टरांनी शब्द पाळला. डोळ्यातलं पाणी स्वच्छ होतं, जराही निळं नव्हतं. डाल्टन यांचं स्पष्टीकरण चुकलं होतं. पण डोळ्यांचे अवशेष मँचेस्टरमध्ये जपून ठेवले गेले, आणि १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी, संशोधकांनी त्या वाळक्या तुकड्यातून डीएनए काढला. मधल्या लहरींचा साक्षीदार त्यांच्याकडे नव्हताच. त्यांनी निबंधात फुलाचं, लाखेचं, रक्ताचं जे वर्णन केलं होतं त्याच्याशी हे जुळलं.

या गोष्टीपाशी मी खूप वेळ थांबले, कारण माझ्या प्रश्नाचं जेवढं उत्तर मला सापडलं ते इथे आहे. डाल्टनना जे दिसत होतं ते फक्त त्यांनाच दिसत होतं. त्या अनुभवात दुसरं कुणी शिरू शकत नव्हतं. तरीही ते कशामुळे दिसतं हे दीडशे वर्षांनंतरच्या अनोळखी माणसांना, डाल्टनशी एक शब्द न बोलता, शोधता आलं. जग खरोखर ज्याचं त्याचं असतं, तर हे जमलं नसतं. त्यांच्या आणि इतरांच्या जगात फरक होता, आणि तो फरक ज्या नियमाने पडला तो नियम सगळ्यांना सामाईक होता. स्वतःच्या डोळ्यांबद्दल स्वतः डाल्टन चुकू शकले, ही गोष्टही माझ्या मते फार महत्त्वाची आहे. जिथे चुकता येतं, तिथे आपल्या मताबाहेर काहीतरी असतंच.

एकाच माणसाची दोन जगं

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं असं आपण म्हणतो. डॉक्टर म्हणतील, तसं सहसा होत नाही. पण म्हणीला धरून काहीतरी खरं घडतं ते मोतीबिंदूत. वयानुसार डोळ्याचं भिंग हळूहळू पिवळट होत जातं आणि निळ्या लहरी अडवू लागतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही, मेंदू रोज थोडी थोडी तडजोड करत राहतो.

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं महिन्याभराने करायचं होतं. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी ती पलंगावर बसून एक चाळा करत होती. एका हाताने एक डोळा झाकायचा, समोरच्या भिंतीकडे बघायचं, मग दुसरा झाकायचा. "हा डोळा मिटला की भिंत पांढरी, तो मिटला की सायीसारखी. आपल्या भिंतीला रंग कोणता दिला होता गं?" मग तिने कपाटातून तिचं जुनं पांढरं पातळ काढायला लावलं आणि त्यावरही तसंच करून पाहिलं. बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी पिवळ्यातच बघत होते, आणि मला वाटत होतं, मला सगळं नीट दिसतंय."

ज्या बाईने जन्मभर साड्या उजेडात नेऊन पाहिल्या, तिच्या स्वतःच्या भिंगाचा रंग मात्र पायरीवर नेऊन तपासता येत नव्हता. दुसरा डोळा शेजारी आला, तेव्हा कळलं.

मेंदू अशी तडजोड किती करतो याचा जगभर गाजलेला दाखला २०१५ च्या फेब्रुवारीतला आहे. स्कॉटलंडमधल्या एका बेटावरच्या लग्नासाठी घेतलेल्या ड्रेसचा फोटो इंटरनेटवर आला आणि माणसांचे सरळ तट पडले. कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. एकाच घरात, एकाच फोनवर. त्या वर्षी सुमारे १,४०० लोकांना विचारून केलेल्या अभ्यासात ५७ टक्क्यांना निळा-काळा आणि ३० टक्क्यांना पांढरा-सोनेरी दिसला होता. फोटोत उजेड कुठून येतो हे कळत नव्हतं, तिथे सगळी मेख होती. ड्रेस सावलीत आहे असं ज्याच्या मेंदूने धरलं, त्याने सावलीचा निळेपणा वजा केला, उरलं पांढरं. ज्याने पिवळ्या दिव्याचा उजेड धरला, त्याने पिवळा वजा केला, उरलं निळं. आई जे काम पायरीवर जाऊन करते ते मेंदू न विचारता आतल्या आत करून टाकतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी मोठ्या पाहणीत असंही दिसलं, की पहाटे उठणाऱ्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याकडे कल जास्त होता आणि रात्री जागणाऱ्यांना निळा-काळा. ज्याचे दिवस ज्या उजेडात गेले, तो उजेड त्याने धरला. प्रत्यक्षातला ड्रेस निळा-काळा होता. यावर वाद उरला नाही, कारण ड्रेस दुकानात होता, जाऊन बघता येत होता.

स्वतःच्या मेंदूला हे करताना पकडायचं असेल तर एक कागद घ्या. डावीकडे लहानशी फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटीमीटरवर एक ठळक टिंब. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा, आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटीमीटरवर टिंब नाहीसं होईल. तिथे भोकही दिसणार नाही, काळा डागही नाही, नुसता कोरा कागद दिसेल. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते तिथे पडद्यावर पाहणाऱ्या पेशीच नसतात. मारियोत नावाच्या फ्रेंच पाद्र्याने सतराव्या शतकात हा अंधबिंदू शोधला, तोवर तो प्रत्येक माणसाच्या प्रत्येक डोळ्यात असून कुणाला दिसला नव्हता. मोकळी जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. माझ्या मुलाने ही फुली-टिंबाची गंमत केली तेव्हा तो ओरडला, "आई, माझं पण जातं!" एका बाबतीत तरी आपण सगळ्यांसारखे आहोत, याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिला.

दुखणं आणि नोट

रंगावरून जे कळलं ते सगळ्यालाच लावता येईल का? सरसकट नाही. 'वास्तव' या एका शब्दात आपण निरनिराळ्या जातीच्या गोष्टी कोंबतो आणि मग भांडतो. दगड आहे, तो कुणी बघो न बघो तिथेच राहतो. नोटेचं तसं नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटांचा कागद, शाई, आकार, यातलं काहीही बदललं नाही, आणि तरी मध्यरात्रीनंतर बाजारात त्या चालेनात. नोटेचं मोल आपण सगळ्यांनी मिळून धरलेलं असतं. ते एकट्याच्या मनातलं नसतं, मी एकटीने 'ही नोट चालते' म्हणून ती चालत नाही. पण ते दगडासारखंही नसतं. सातबाऱ्यावरचं नाव, गावाची शीव, कंपनी, पदवी, हे सगळं याच जातीचं. रोजच्या जगण्यातला केवढा तरी भाग यावर उभा आहे.

दुखण्याची तऱ्हा आणखी वेगळी. डाल्टन स्वतःच्या डोळ्याबद्दल चुकू शकले, पण 'मला दुखतंय' यात कुणी कसं चुकेल? दुखतंय असं वाटणं म्हणजेच दुखणं. हात कापून टाकल्यावर नसलेल्या हाताची बोटं ठणकतात, हे डॉक्टरांना नीट माहीत आहे, आणि ते दुखणं अगदी खरं असतं. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिलं, की माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. हे लिहावं लागलं, कारण तो राखला जात नाही. 'काही नाही, मनाचे खेळ आहेत' हे वाक्य किती बायकांनी ऐकलं असेल.

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरंच. पण दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत बघा. दात ठणकतो. पिकलेलं गळू ठसठसतं. पोटात कळ येते, मुरडा येतो. पाठीत उसण भरते, छातीत चमक निघते, पोटरीत गोळा येतो, जखमेवर चरचरतं, पायाला मुंग्या येतात, डोकं भणभणतं. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कुणी 'ठसठसतंय' म्हटलं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या बोटाकडे जातो. प्रत्येकाचं दुखणं त्याच्या कातडीच्या आत आहे, दुसऱ्याचं कधीच कुणाला जाणवलेलं नाही, आणि तरी इतके नेमके शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात टिकले. आतलं जग पूर्ण बंद असतं तर असे शब्द रुजलेच नसते.

रंगांच्या नावांतही हेच आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात विचारलं होतं: तुम्हाला झेंडूसारखं फूल पाहून जे जाणवतं तेच मला जांभळं फूल पाहून जाणवत असेल, आणि लहानपणापासून आपण दोघंही झेंडूला पिवळाच म्हणत आलो असू, तर हा फरक कधी उघडकीला येईल का? त्याचं पक्कं उत्तर आजही कुणाकडे नाही. पण साडीच्या दुकानात या कोड्याने कुणाचं अडत नाही. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, अबोली, श्रीखंडी, मोरपंखी ही नावं कुणाच्या डोळ्यांच्या आत काय होतं ते सांगतच नाहीत. ती जगातल्या वस्तूकडे बोट दाखवतात. डाळिंब दोघांच्या मध्ये ठेवलेलं आहे, तेवढ्यावर बोलणं चालतं.

'सगळंच सापेक्ष' म्हणणाऱ्यांसाठी

दोन मोठी नावं या बाबतीत चुकीच्या साक्षीला बोलावली जातात. पहिलं आइनस्टाइन. १९०५ साली त्यांनी दाखवलं की एकमेकांच्या मानाने वेगाने जाणाऱ्या दोन निरीक्षकांची घड्याळं जुळत नाहीत, एकाला एकाच क्षणी घडलेल्या वाटणाऱ्या दोन घटना दुसऱ्याला मागेपुढे घडलेल्या वाटू शकतात. खरं आहे. पुढे त्यांनीच मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा परिणामही धरला, तर जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) पुढे जातात. ते जमेस धरलं नाही तर एका दिवसात नकाशा कित्येक किलोमीटरने चुकेल. पण तो चुकत नाही, कारण कोणाचं घड्याळ किती पुढे जाईल याचं गणित नेमकं आहे आणि सगळ्यांना तेच आहे. प्रकाशाचा वेगही सगळ्यांना एकच मोजता येतो. प्रत्येकाचं मोजमाप वेगळं आणि एकाचं दुसऱ्यात बदलण्याचा नियम एक, असा तो सिद्धांत आहे.

दुसरं नाव शंकराचार्यांचं. 'जग मिथ्या' एवढंच ऐकून लोक समजतात, की जग आपल्या मनात आहे असं ते म्हणतात. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात त्यांनी नेमका याच मताशी वाद घातला आहे. बाहेरची वस्तू नाहीच, नुसतं तिचं ज्ञान आहे, असं म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांना उत्तर देताना ते 'नाभाव उपलब्धेः' या सूत्रावर लिहितात: खांब पाहणारा माणूस खांब पाहतो, स्वतःचं ज्ञान पाहत नाही. लगेच पुढचं सूत्र म्हणतं, जागेपणी दिसणारं स्वप्नासारखं नाही, दोघांचा धर्म वेगळा. अद्वैत परंपरा वास्तवाच्या तीन पायऱ्या मानते. अंधारात दोरीच्या जागी दिसलेला साप एका माणसापुरता आणि दिवा येईपर्यंत, तो प्रातिभासिक. दोरी सगळ्यांना सामाईक, ती व्यावहारिक. ब्रह्म पारमार्थिक. तिसऱ्या पायरीबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही. पहिल्या दोन पायऱ्यांबद्दल एवढं नक्की सांगेन, की तिथेही दिवा आणूनच बघायला सांगितलं आहे.

'तुझं सत्य तुझं, माझं सत्य माझं' हे वाक्य मला म्हणूनच आवडत नाही. ऐकायला उदार वाटतं, पण त्यात समोरच्याला काय दिसतं हे विचारायची गरजच संपते. आणि 'सत्य एकच, आणि ते मला दिसतं तेच' हे तर माझ्या मुलाच्या वहीवर लाल शाईत लिहून आलं होतं. दोन्हींचं नुकसान खऱ्या माणसांना सोसावं लागतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड यादीत आलेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्याची याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं, की या कारणावरून कोणत्याही अभ्यासक्रमाचं दार बंद करू नये. मधे सहा-सात वर्षं गेली. वाहन चालवण्याच्या परवान्याबाबतही सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना केंद्र सरकारने २०२० मध्ये मोकळीक दिली. मामा त्याआधी कित्येक वर्षं सिग्नलचा वरचा दिवा लागला की थांबायचा आणि खालचा लागला की निघायचा. त्याला लाल कळत नव्हता, पण 'थांब' कळत होतं.

आता मुलाच्या रंगांच्या खडूंवर मी नावं लिहून ठेवली आहेत. खोडाला तो नाव वाचून तपकिरी देतो, पानाला हिरवा. कधी कधी मुद्दाम उलटे देतो, आणि ती चित्रं मी वेगळी जपून ठेवते.

गेल्या दसऱ्याला आम्ही तिघं साडी घ्यायला गेलो. आईचे आता दोन्ही डोळे नवे आहेत, तरी सवयीने म्हणालीच, "जरा उजेडात दाखवा." पायरीवर पदर धरला गेला. मला ती गडद लाल दिसली. आईने नातवाला विचारलं, "तुला कशी दिसते रे?" मी मधे बोलणार होते, पण थांबले. त्याने कापड दोन बोटांत धरलं, उन्हाकडे वळवलं, परत सावलीत आणलं. म्हणाला, "पाऊस पडून गेल्यावर माती असते ना, तशी. काठ मात्र चमकतो."

आईने पुन्हा एकदा पदराकडे पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ. मग दुकानदाराला म्हणाली, "हीच द्या."

पावतीवर त्याने लिहिलं: डाळिंबी, एक नग.